माझ्या पश्चात खोकण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा घड्याळदुरुस्ती, फुफ्फुसांनी दगा दिला असला तरी डोके शाबूत असताना आणि कोणीही भरीस पाडलेले नसताना, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. यापूर्वीचे रद्द समजावे. त्यात सगळे होते, फक्त माझ्या मागे बायको जेवणार कशी, हे नव्हते.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव पत्नीच्या हयातीपर्यंत तिची. नंतर मुलगी व मुलगा यांना निम्मे निम्मे.

२. दुकानातील चिमटे, पेचकस व भिंग मुलीला. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. सातव्या वर्षी त्याने याच भिंगाने मुंग्या भाजल्या होत्या, ते मी विसरलेलो नाही.

३. मुलाने पाठवलेले ताकदीच्या पावडरीचे सहा डबे न उघडता त्याला परत. त्याच्या आईला वाचता येत होते तेव्हा तिने डब्यावरची यादी वाचून विचारले होते, "यातलं एक तरी झाडाला लागतं का रे?"

४. आल्याची किसणी, मधाची बरणी, ओव्याचा डबा कोणालाही नाही. जागचे हलवू नयेत, पत्नीचा हात न बघता तिथेच जातो. शेजारच्या शिंपीदादाने आठ वर्षांपूर्वी नेलेला खलबत्ता आणून द्यावा. तो या कागदावर साक्षीदार आहे, त्यामुळे हे वाचेलच.

५. आता मुख्य. पत्नीला दोन वर्षांपासून माणसे आठवत नाहीत, भूकही कळत नाही. ताट ठेवले तर उठून जाते, भरवायला गेले तर तोंड मिटते. मी हात जोडले, रागावलो, एकदा रडलोही.

मग एका दुपारी मला ठसका लागला. ती ताडकन उठली, आले किसले, मध घातला आणि समोर बसली. "आ कर बघू. पथ्य पाळत नाहीस ना?" पन्नास वर्षे मला अहो-जाहो करणारी बाई. चमचा मात्र आधी स्वतःच्या तोंडात घातला. रोग्याला देण्याआधी आपण चाखायचे, हा तिचा जुना नियम. मऊ भात, भोपळ्याचे सूप, सगळ्याचे तसेच. एक घास तिचा, एक माझा. तेव्हापासून मी दिवसातून तीनदा खोकतो.

आता खोकला खरा आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार तर दोन महिने. पत्नी मध वाढवते, छाती चोळते आणि म्हणते, "जात कसा नाही रे हा खोकला?" तिला काय सांगू? जन्मभर बंद पडलेली घड्याळे चालू केली, इथे हात टेकले.

६. म्हणून माझा खोकला मी मुलीला देतो. ती इथे येऊन राहणार आहे. "बाबा, आईला रोज फसवायचं?" असे तिने विचारले. हो, फसवायचे. ताट वाढून झाले की खोकायचे, आणि कोरडेच. ओला खोकला ऐकला की ती ओवा भाजायला बसते आणि सूप निवते. मुलगा येईल तेव्हा त्याने पाळी घ्यावी. परीक्षेच्या दिवशी त्याचे पोट दुखायचे, सोंग त्याला जमते.

हे किती दिवस चालेल, माहीत नाही. उद्या ती खोकल्यावरचा उपायही विसरली तर काय करायचे, तेही लिहायला हवे होते. मला सुचले नाही.

७. मी गेल्यावर ती विचारेल, तो रोगी कुठे गेला. मेला असे सांगू नये, आपलाच उपाय चुकला असे तिला वाटेल. खोकला गेला, तो बरा होऊन दुकानात गेला, एवढेच सांगावे. आणि लगेच खोकावे.

सही: घड्याळजी

साक्षीदार: १. शेजारचा शिंपी (खलबत्ता सोबत आणला आहे). २. डॉक्टरीणबाई (लिहिणारा पूर्ण शुद्धीवर आहे, मी तपासले आहे).

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर. दिनांक: महिन्याचा पहिला सोमवार, दुपारच्या खोकल्याआधी.