खुंटीवरची किल्ली

अनगोळ, बेळगाव

ती. नागोजीमामांना दिपालीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मामा, गुडघा कसा आहे? मामींनी तेल चोळलं असेल आणि ते मुरायच्या आत तुम्ही उठून वखारीत गेला असाल, हे मला इथूनही दिसतं. आमच्याकडं सगळं ठीक. मी तर काल मनसोक्त झोपले, कारण पुण्याच्या कंपनीनं मी बनवलेला कम्प्युटर गेम विकत घेतला. तेव्हा तुमच्या निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत माझ्यासाठी राखलेली कम्प्युटरपुढची खुर्ची आता खुशाल दुसऱ्या कुणाला द्या.

गेम असा, की वडगावच्या एका विणकराच्या घरी मागावर आडवा धागा नेणारा धोटा हरवलाय आणि लग्नाची साडी अर्धीच अडकलीय. खेळणाऱ्यानं विणकराची लेक होऊन चित्रातल्या वस्तूंवर क्लिक करायचं, माणसांशी बोलायचं आणि धोटा शोधायचा. तो आहे शेजारच्या यमनाप्पाच्या कपाटात, किल्ली त्याच्याच खुंटीवर. आधी आमच्या आदर्शला (धाकट्या काकांचा) खेळायला बसवला. त्यानं यमनाप्पाचं एक वाक्य धड ऐकलं नाही, सगळं बोलणं पुढं ढकललं, आणि मग केरसुणी मागाला, माग कपाटाला, कपाट म्हशीला लावून बघत बसला. वर म्हणाला, "कोडं लई अवघड हाय." मग कोडं सोपं करून आमच्या शेजारच्या मालुबाईंना बसवलं. त्यांनी यमनाप्पाशी होतं नव्हतं ते सगळं बोलून घेतलं, तेही दोनदा. किल्ली समोर लोंबत होती, पण बाई हात पदरात घेऊन बसल्या. "दुसऱ्याच्या घरातली किल्ली इचारल्याबिगर काढत्यात व्हय गं?" मी म्हटलं, काकू, असल्या खेळात असंच उचलतात. "मग सगळी चोरच हाईत म्हण की," म्हणाल्या आणि उठून गेल्या. (चहासुद्धा घेतला नाही.)

कंपनीला गेम दाखवायची मुदत परवावर आलेली. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मग डोळे पुसून किल्ली उचलायची सोयच काढून टाकली. आता यमनाप्पाकडं बसायचं, तब्येत विचारायची. "कुणाच्यातली गं तू? मागावर काठ कसला लावलाय?" असं तो विचारतो, आणि ज्यानं आधी साडी नीट पाहिलीय त्यालाच सांगता येतं. पटलं की तो आपल्या हातानं किल्ली देतो. आल्या आल्या मागितली तर नुसतं पाऊसपाण्याचं बोलत राहतो. आदर्शला आता ऐकावंच लागतं आणि मालुबाईंना चोरी करावी लागत नाही. कंपनीची माणसं यमनाप्पाच्याच घरात सगळ्यात जास्त रमली. छातीवरचं ओझं उतरलं, मामा.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची भाची,
दिपाली

ता. क. यमनाप्पाचं बोलणं बरंचसं तुमचंच आहे. रागावू नका, लोकांना आवडलंय.

आणखी ता. क. कंपनीला असली आणखी पाच घरं हवीत, म्हणजे पाच बोलकी माणसं. माझ्याकडची संपली. तुमच्या वखारीत ती रोज येऊन बसतात. तेव्हा ती खुर्ची इतक्यात कुणाला देऊ नका. सोमवारच्या निपाणी गाडीनं मी कामावर हजर होतेय. पगार दिलात तर नाही म्हणणार नाही.