बोटांखालचं बोलणं

बाई, आज बँकेला सुट्टी आहे. घरातले सगळे वेरूळला गेलेत, मी मुद्दाम मागं राहिले. बसल्या बसल्या तुम्हाला लिहावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तेव्हा हे कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही. तुमच्यामागं शहर चहूकडं पसरलं, त्याचं नावही बदललं. तुम्ही असतात तर नवं नाव ब्रेलमध्ये कसं लिहायचं ते आधी सांगितलं असतंत, बाकीचं नंतर.

छावणीतल्या त्या शाळेत तुम्ही आम्हा मुलींना ब्रेल शिकवायचात. तुम्हालाही दिसत नव्हतं, पण वर्गात कोण वाचतंय आणि कोण नुसतं बसलंय हे तुम्हाला कागदाच्या आवाजावरून कळायचं. मी करमाडकडच्या खेड्यातून आलेली, घायकुतीची. ठिपक्यांवर बोट दाबायची आणि ओढत न्यायची. एक दिवस तुम्ही मागून येऊन माझा हात उचललात. 'खरवडतेस काय? करपलेली भाकरी आहे का ती?' मी म्हणाले, 'लई बारीक हाय ते, बाई.' तुम्ही म्हणालात, 'बारीक नाही. तुझा हात जड आहे.' आणि माझं बोट तुमच्या बोटावर ठेवून तुम्ही अख्खी ओळ वाचलीत. वाचणं म्हणजे काय ते मला त्या ओळीत कळलं. तुमचं बोट चालत होतं की नाही तेसुद्धा समजत नव्हतं, इतकं हलकं.

पुढं मला बँकेत टेलिफोनवर नोकरी लागली. तुम्ही निवृत्त झालात आणि शहराला लागूनच्या सातारा परिसरातल्या नव्या वस्तीत, थोरल्या भावाकडं राहायला गेलात. तुम्ही त्यांना दादा म्हणायचात म्हणून आम्हीही दादाच म्हणायचो, आणि त्यांच्या बायकोला वहिनी. तुमचे कान शाळेत असतानाच कुरबुर करत होते. आधी तुम्ही म्हणायचात, हल्लीच्या मुली तोंडातल्या तोंडात बोलतात. मग हळूहळू सगळंच बंद झालं, आणि स्वतःचा आवाज ऐकू येईना तसं तुम्ही बोलणंही सोडलंत. मी भेटायला यायची तेव्हा तुम्ही माझा हात धरून बसायचात, आणि मला तुमच्याशी काही बोलता यायचं नाही. वहिनी तुमच्या तळहातावर बोटानं डोळसांची अक्षरं काढायच्या, मला ती येत नव्हती. त्या अक्षरांचे आकार तुम्ही मोठेपणी हौसेनं शिकला होतात, तेवढ्यावर घर चालायचं. जेवण. आंघोळ. गोळी. दादांना नातू झाला तेव्हा 'नातू'. आम्हाला तासतासभर व्याकरण सांगणाऱ्या बाई, तुमच्या वाट्याला एवढेच शब्द उरले होते.

त्या सुमारास मला कामासाठी ब्रेलचं नोटटेकर मिळालं. आपल्याच शाळेतली, परदेशी गेलेली एक मुलगी तसलंच यंत्र वापरायची. तिनं नवं घेतलं आणि जुनं तुमच्यासाठी पाठवून दिलं. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, त्याला पडदा नाही. सहा ठिपक्यांच्या सहा कळा, आणि खाली एक ओळ, जिच्यात बारीक ठिपके वर येतात, वाचून झालं की खाली जातात. इंटरनेट जोडलं की दोन माणसांना समोरासमोर बसल्यासारखं बोलता येतं. त्याला मराठी येत नव्हतं, पण यंत्रं सारखीच असल्यामुळं मी इथं जे ठिपके दाबीन तेच तिथं तुमच्या बोटांखाली यायचे. डोळस माणसानं मधेच कॉम्प्युटरवर पाहिलं असतं तर त्याला इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसला असता.

यंत्र आल्यावरच्या पहिल्या रविवारी मी ते तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवते, तुमची बोटं त्या ओळीवर टेकवते आणि माझं यंत्र घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसते. काय लिहावं सुचत नाही. लिहिते, 'बाई, मि आले.' वहिनी दारातून म्हणतात, 'अहो, त्यांचे हात हलतच नाहीयेत.' आणि तेवढ्यात माझ्या बोटांखाली ठिपके येतात: 'मी दीर्घ.' मग दुसरी ओळ: 'कुठे आहेस?' मी लिहिलं, बाहेरच्या खोलीत. तुम्ही लिहिलंत, 'मग आत ये.' आत येऊन मी तुमच्या चेहऱ्याला हात लावला तर गाल ओले होते, आणि तुमची बोटं काही त्या ओळीवरून उठायला तयार नव्हती.

मग रोज माझ्या जेवणाच्या सुट्टीत आपण बोलायचो. वहिनी सांगायच्या, तुम्ही सकाळपासूनच बोटं ओळीवर ठेवून बसता, न जाणो आधीच काही आलं तर. तुम्हाला सगळं हवं असायचं. रस्ते किती रुंद झाले, शेंद्र्याला कारखाने आले म्हणजे नेमकं काय आलं, आमच्या गावातली कोणाची जमीन गेली. लातूरला रेल्वेनं पाणी नेलं ते वर्ष होतं. मी ते सांगितलं तर तुम्ही विचारलंत, 'डब्यांतून पाणी हिंदकळत असेल, नाही?' तुमच्या वस्तीत नळ पोचलेले नव्हते, बोअर आटली होती. टँकर खाली यायचा, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत वहिनी बादल्या चढवायच्या. दुखऱ्या गुडघ्यांनी.

एका दुपारी तुम्ही मधेच लिहिलंत, 'मी हल्ली दुपारनंतर पाणी पीत नाही.' मी विचारलं, का? 'प्यायलं की जावं लागतं. गेलं की बादली लागते. वहिनी बादलीपर्यंत माझा हात नेतात तेव्हा त्यांचा हात थरथरतो, मला कळतं.' मी लिहिलं, बाई, असं करू नका, उन्हाळा किती आहे. तुमचं उत्तर आलं, 'हे तुझ्याजवळ राहू दे. एवढ्या वर्षांनी मला एक गोष्ट कुणाला तरी सांगता आली.'

बाई, ते वाक्य वाचून मी यंत्र बंद केलं. सांगावं तर तुमचा एकुलता एक कान म्हणजे मी, आणि मीच उलटले असं व्हायचं. न सांगावं तर तुम्ही तिकडं तहानेल्या बसलेल्या, आणि मी बँकेत थंड पाण्याच्या मशीनपाशी. शेवटी शनिवारी आले आणि वहिनींना सांगितलं. तुम्ही आतल्या खोलीत होतात.

वहिनी आधी भडकल्या. 'तिसऱ्या मजल्यावर कोण आणतं पाणी? एक तांब्या कधी कमी दिला असेल तर सांगा.'

मी म्हणाले, 'तुम्ही कमी देत नाही म्हणूनच त्या पीत नाहीत, वहिनी.'

त्या खुर्चीवर बसल्या. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. मग म्हणाल्या, 'मला का नाही सांगितलं त्यांनी?'

'कशात सांगणार? जेवण, आंघोळ, गोळी. तेवढ्यात हे बसत नाय.'

'मग मलाही शिकवा ते ठिपके,' वहिनी म्हणाल्या.

त्या शिकल्या, बाई. त्या वयात. माझं यंत्र रविवारी त्यांना द्यायची मी, आणि टेबलाच्या दोन टोकांना तुम्ही दोघी बसायच्यात. त्यांची पहिली ओळ होती, 'पाणी प्या.' तुम्ही भांडं उचललंत आणि रिकामं करून ठेवलंत, मला आवाज आला. मला वाटलं, निभावलं. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही लिहिलंत, 'तू बोललीस.' मी पुष्कळ काही लिहिलं. उत्तरात तुम्ही माझ्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्यात. त्यानंतरही आपण रोज बोललो. पाऊस, बँक, महागाई, वर्तमानपत्रात काय आलंय. तुमच्या स्वतःबद्दल मात्र तुम्ही मला पुन्हा एक अक्षर लिहिलं नाहीत.

पुढच्या थंडीत तुम्हाला दवाखान्यात ठेवलं. मूत्रपिंडं थकली होती. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, पाणी कमी प्यायल्यानं झालं का? ते म्हणाले, 'वय, जुना मधुमेह. अशात एकच कारण नसतं.' त्यांनी नाही म्हटलं नाही. तिथं इंटरनेट लागेना, तेव्हा आधी कधी न सुचलेलं केलं, तुमच्या बोटांवरच ठिपके दाबले, सहा बोटं म्हणजे सहा कळा. लिहिलं, 'बाई, मी आहे.' दीर्घ. तुम्ही माझी बोटं चाचपलीत आणि त्यांवर उलट लिहिलंत, 'वहिनी कुठे आहेत?' मी त्यांना हाक मारली आणि माझी जागा त्यांना दिली. बाकावर बसून बांगड्यांच्या आवाजावरून मला कळत होतं की त्या तुमच्या हातावर काहीतरी लिहितायत आणि तुम्ही उत्तर देताय. काय ते मी कधी विचारलं नाही. तुम्ही दोन दिवसांनी गेलात.

तुम्ही चिडला होतात, की वहिनी मिळाल्यावर माझी तेवढी गरज उरली नव्हती, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मी पुन्हा त्याच जागी असते तर पुन्हा सांगितलं असतं, आणि तरी ते 'तू बोललीस' माझ्या बोटांवरून जात नाही. आता मात्र तुम्ही ते का लपवलंत ते थोडं थोडं कळायला लागलंय. कुणाचा थरथरता हात आपल्यामुळं आहे हे एकदा कळलं की माणूस स्वतःला आवरतं घेत जातं.

गेल्या महिन्यात मी एकटीच कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन आले. उजवा कान गेल्यात जमा आहे, डावाही त्याच वाटेवर आहे म्हणाले. काल यांनी स्वयंपाकघरातून काहीतरी विचारलं. चहा टाकू का, असं असावं. मी 'उद्या' म्हणाले. हे हसले, त्यांना वाटलं मी थट्टा करतेय, आणि मीही हसून घेतलं. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही, बाई.