बाबांनी पाळलेली वेळ

४ जून

ती. ताईस,
भडक्याचा सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. बुटांच्या गोदामात बरं चाललंय. दिवसभर खोकी चढवायची, उतरवायची. कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून मला शिस्त नाही असं सगळ्यांचं मत आहे ना? मग ऐक. मी इंटरमिटंट फास्टिंग सुरू केलंय. दुपारी बारा ते रात्री आठ, एवढ्यातच खायचं. सकाळी फक्त बिनसाखरेचा काळा चहा.

खरं कारण तुलाच सांगतो. समोरच्या चष्म्याच्या दुकानातली ती हे करते. मीही कधीपासून करतो, असं तिच्यापुढे बोलून गेलो आणि अडकलो. दहा वाजता पोटात असं काही होतं की समोर येईल त्याला चावावंसं वाटतं. हा एवढा भाग सोडून बाकीचं घरी वाच. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, पण पोरगं वेळ पाळायला शिकलं हे कानावर पडू दे त्यांच्या.

आईला नमस्कार. चिडलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझा,
भडक्या

२९ जून

चि. भडक्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून दाखवलं होतं. बाबा पेपरात डोकं घालून बसले होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नाश्ता सोडला. भूक नाही म्हणायचे. आम्हाला वाटलं, पित्त झालं असेल.

काल औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना त्यांना घाम फुटला, हात थरथरले आणि ते शिडीवरून खाली कोसळले. मनगट मोडलंय, हनुवटीला टाके पडलेत. सकाळी शुगरची गोळी घ्यायची आणि बारापर्यंत पोटात काही नाही, हे कळल्यावर डॉक्टर त्यांना नाही नाही ते बोलल्या. आईने खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, पोरगं तिकडे बाराला जेवायला बसतं, मी इकडे बसतो, तेवढंच सोबत जेवल्यासारखं.

तुला दोष देत नाही असं लिहिणार होते. पण थोडा देते.

जिवाला जप, सकाळचं खात जा.
ताई

३ जुलै

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

ताईचं पत्र परवा मिळालं. तेव्हापासून हे लिहितोय आणि फाडतोय. बाबा, तो उपास मी चारच दिवस केला. पाचव्या सकाळी कोपऱ्यावर उभा राहून दोन अंड्यांचं ऑम्लेट खाल्लं. समोरच्या दुकानातल्या ज्या मुलीपुढे मिरवायला उपास धरला होता, तिने पाहिलं आणि ती हसली. वाईट हसली नाही, पण तिचं लग्न ठरलंय हेही तेव्हाच सांगितलं. त्यानंतर मी रोज सकाळी पोटभर खाल्लंय. घरी मात्र कळवलं नाही, कारण एकदा तरी काही धड करतोय असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू दे, म्हटलं.

म्हणजे तुम्ही माझ्यासाठी उपाशी शिडीवर चढत होतात आणि मी इकडे दुसरा पाव मागत होतो. आता घास तोंडात फिरतो नुसता. मला हवं ते बोला, पण सकाळचं खाऊन गोळी घ्या. घरी यायला मला तोंड नाही.

मायेला पात्र नसलेला,
तुमचा मुलगा

९ जुलै

चि. मुलास,
अ. आ.

डाव्या हाताने लिहितोय. माझ्या धंद्यात असं अक्षर काढणाऱ्याला मी शिडी धरायलाही ठेवणार नाही, तू चालवून घे.

डॉक्टरीणबाईंनी मला तीनदा खाणारा करून सोडलंय. नाश्ता होईपर्यंत तुझी आई समोरून हलत नाही. तू उपास मोडलास हे बरं केलंस. जेवलास का, एवढं फोनवर विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. मी विचारलं नाही. त्यापेक्षा उपाशी राहणं मला सोपं वाटलं. यात तुझा हात नाही.

एक गोष्ट मात्र आठवतेय. कॉलेज सोडलंस हे तू सांगितलंस तेव्हा ताटं वाढलेली होती. तुझं ताट तसंच राहिलं, माझंही. दोघेही रिकाम्या पोटी जे तोंडाला येईल ते बोललो.

त्यावर मला अजून बरंच बोलायचंय, सुटशील असं समजू नकोस. रविवारी ये. आधी जेवू, मग भांडू.

राग आहे, त्याहून माया जास्त आहे.
बाबा