चिकटपट्टीखालची वायर

प्रिय ठमे,

तुझी गाडी विकली नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू घाई न करता वाचशील. फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोनवर मी तोंड उघडायच्या आत तू ‘मी मजेत, तुम्ही दोघी कशा आहात’ म्हणून मोकळी होतेस, आणि मग सगळं बोलणं आईच्या गुडघ्यांवर जातं. पत्र वाचणाऱ्याला मध्येच विषय बदलता येत नाही.

गाडी टेम्पोतून दारात उतरली तेव्हाच मला नवल वाटलं होतं. आता वापर होत नाही, गिऱ्हाईक बघून विकून टाक, एवढाच तुझा निरोप. नोकरी लागल्यावर सगळ्यात आधी घेतलेली गाडी, जिची किल्ली तू नवऱ्याच्याही हातात देत नव्हतीस, ती एकदम नकोशी झाली? पण म्हटलं, असेल बाई, हॉस्पिटलच्या ड्यूट्या वाढल्या असतील. धुऊन पुसून वर्कशॉपसमोर उभी केली, तर दुसऱ्याच दिवशी शाळेतले कवायतीचे मास्तर बघायला आले. माणूस भारी चौकस. टायर दाबले, ब्रेक दाबले, किल्ली फिरवली आणि शांतपणे म्हणाले, की ऑइलचा दिवा लागत नाही. माझं वर्कशॉप, माझ्या बहिणीची गाडी, आणि खोट काढतायत कवायतीचे मास्तर. मी त्यांना चहा पाजला आणि दोन दिवसांनी या म्हणून सांगितलं.

मागच्या गल्लीत तुला गाडी शिकवताना मी तोच दिवा सगळ्यात आधी दाखवला होता, आठवतं? किल्ली फिरवली की लाल दिवा लागलाच पाहिजे. इंजिन सुरू झालं, ऑइलचा दाब चढला, की विझला पाहिजे. चालत्या गाडीत लागला तर असशील तिथे इंजिन बंद करायचं, मग भले पाठीमागचे लोक हॉर्न वाजवून जीव खावोत. तू मान डोलावली होतीस. तुझं मान डोलावणं मला तेव्हाच ओळखता यायला हवं होतं.

मला आधी वाटलं, बल्ब गेला असेल. मीटर उघडला तर बल्ब ठणठणीत. मग वायर धरून खाली उतरत गेले, टाकीखालून, इंजिनाच्या मागून, आणि टोकाशी हात थबकला. इंजिनावरच्या, ऑइलचा दाब ओळखून दिवा लावणाऱ्या स्विचला ती जोडलेलीच नव्हती. काढून, दुमडून, आत खोचून ठेवली होती आणि टोकाला पट्टी गुंडाळली होती. साधी काळी टेप नव्हे हं, जखमेवर लावतात ती पांढरी चिकटपट्टी, आणि उलगडताना सोपं जावं म्हणून तिचा कोपरा दुमडलेला. जगात इतक्या निगुतीनं गाडीला मलमपट्टी करणारी नर्स मला एकच माहीत आहे. वॉर्डात पेशंटच्या मशीनचा दिवा लागला तर त्यावरही पट्टी लावतेस का गं?

हसू आलं. वायर परत स्विचला जोडली, किल्ली फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू केलं, तर विझेना. तात्काळ बंद केलं. म्हणजे दिवा असाच जळत राहिला म्हणून तू त्याचं तोंड बंद केलंस आणि तशीच गाडी पळवलीस. ऑइलचा दाब खरंच पडला असेल, तर इंजिनाचा आतून भुगा झाला असणार. कधीपासून चाललंय हे विचारायला तुला फोन लावला, तू ड्यूटीवर. मग तुझ्या नवऱ्याला लावला. किल्ली देत नसलीस तरी मागे तर बसवत होतीस, त्यानं दिवा पाहिला असेल. त्याच्याशी काय बोलणं झालं ते शेवटी लिहिते. आधी इंजिनाचं निस्तरू दे.

ऑइल पाहिलं, पातळी बरोबर, रंगही चांगला. तरी अंदाजावर मी विश्वास ठेवत नाही. स्विच काढला, त्याच्या जागी दाब मोजायचं गेज बसवलं आणि देवाचं नाव घेऊन स्टार्टर दाबला. काटा झरझर वर चढला आणि हवा तिथे जाऊन थांबला. इंजिन गरम होईपर्यंत मी त्याच्यावरून नजर काढली नाही. ठमे, तुझं इंजिन उत्तम आहे. स्विच तेवढा बिघडला होता. नवा बसवला. आता दिवा लागतो आणि शहाण्यासारखा विझतो. पण तो खोटा लागतोय हे तुला तेव्हा कुठे ठाऊक होतं? तू मोजलंच नव्हतंस. तू नुसतं झाकलंस.

लहानपणी भिंतीवरून पडलीस तेव्हाही असंच. भर उन्हात लांब बाह्यांचा सदरा घालून दिवसभर हिंडलीस, जेवलीस, हसलीस. आईनं अंघोळीला बाही ओढली तेव्हा कळलं, की कोपर सोलून निघालंय. तेव्हाही तू म्हणालीस, काही लागलं नाही.

तुझ्या नवऱ्याला मी फोनवर दिव्याचं विचारलं. तो म्हणाला, “ताई, मी तिथे राहत नाही. उन्हाळ्यापासून. तिनं सांगितलं नाही तुम्हाला?” मी त्याला पुढे काही विचारलं नाही. ते मला तुझ्याकडून ऐकायचंय. उन्हाळ्यापासून तू रिकाम्या घरातून मला ‘मी मजेत’ म्हणत होतीस आणि मी ते खरं मानून आईचे गुडघे सांगत बसले होते, याचा मला फार राग आला. तुझाही आला आणि माझाही. आईला सगळं सांगितलंय. ती रडली, मग उठून तुझ्या खोलीतले माझे स्पेअर पार्ट बाहेर काढायला लागली, गुडघे विसरून. मास्तरांना दुसरी गाडी शोधून देते म्हटलंय. रविवारी सकाळी मी तुझ्याच गाडीवरून येतेय. रस्ता लांब आहे, पण इंजिनाची खात्री मी केलेली आहे. हॉर्न वाजला की खाली ये आणि मजेत आहे म्हणू नकोस. कायमचं यायचं की चार दिवसांसाठी, ते सावकाश ठरव. परत येताना चालव किंवा मागे बस. मागे बसून रडलीस तरी चालेल, फक्त हेल्मेटची काच वर करून रड, नाहीतर धुरकटते.

तुझीच, हात अजून काळेच असलेली
ताई