साहेबांच्या खोलीतली ऊब

ल्होता, १७ जानेवारी १९१२

प्रिय रोझालीताई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी ठणठणीत आहे. कॉलेजचं मागाहून लिहितो.

आज सकाळी मी एक दार ढकललं आणि सगळं बदललं.

यार्मिलासाठी मी या गावात आलो, हे तुला ठाऊक आहे. पण राहण्याचा परवाना नसेल तर परक्याच्या लग्नाची घोषणा इथल्या चर्चमध्ये वाचत नाहीत. परवाना देणार कचेरीतले वरचे साहेब. ते बोलावतील तेव्हाच आत जायचं! ऑक्टोबरपासून मी त्यांच्या दाराबाहेर, गारठलेल्या व्हरांड्यात, माझ्यासारख्याच ताटकळणाऱ्या गावकऱ्यांबरोबर बसतोय. त्यांची खोली गरम ठेवणाऱ्या भट्टीचं लाकडं घालायचं तोंडसुद्धा बाहेर व्हरांड्यातच. लाकडं घालणाऱ्याचा त्यांना त्रास नको.

काल यार्मिला रडत म्हणाली, "रविवारी चर्चमध्ये आपली नावं वाचली नाहीत, तर आई मला मावशीकडे धाडणार."

माझं डोकं फिरलं. आज उठलो आणि ढकललं दार. कुलूप नव्हतंच!

आत सम्राटांची तसबीर, रिकामी खुर्ची, खुर्चीवर बोटभर धूळ. आणि ऊब तर काय, ताई!

"अहो, आत कोणी नाही!" मी ओरडलो.

"काहीतरीच," एक आजीबाई डाफरल्या. "कोणी नसतं तर भट्टी कशाला पेटवली असती?"

मी लाकडं घालणाऱ्या वोन्द्राकाकांकडे बघितलं. ते गांगरले. "एवढी माणसं बाहेर थांबलीत, म्हणजे साहेब असणारच... म्हणून पेटवतो."

कोणी हसलं नाही. चर्चची घंटा दुरुस्त करायच्या परवानगीसाठी फादर दोमिनिकही आमच्यातच बसून होते. ते हात चोळत आत शिरले आणि भट्टीला पाठ लावून उभे राहिले.

"फादर, माझा परवाना?"

"कोणाकडून घेतोस, या खुर्चीकडून? रविवारी नावं वाचतो तुमची. घंटा फुटकी वाजेल, तेवढं चालवून घे."

मग सगळेच आत आले. साहेब जेवायला गेले असतील, असं आजीबाई अजून म्हणतायत. खुर्ची पुसून तिच्यात बसल्यात मात्र त्याच.

मी मेजाच्या कोपऱ्यावर हे लिहितोय. कॉलेज मी सोडलं, ताई. कायदा शिकून असल्याच एखाद्या दाराआड बसलो असतो. बाबांना तू सांग, माझ्याच्याने नाही होणार. आणि रविवारी त्यांना घेऊन ये. ओढत आण.

यार्मिला खाली चौकात उभी आहे, तिला अजून काहीच ठाऊक नाही. हा निघालोच. जाताना दार घट्ट लावून घेतो, ऊब बाहेर जायला नको.

तुझा, आणि आता ल्होताचाही,
ओतोकार