लहान शिखर उजवीकडे

चि. वाझगेन,

कलामीमांसक-शिरोमणी, ग्लेनडेलच्या प्रदर्शनातून बाबांचं अरारात डोंगराचं चित्र तू वगळलंस. वर छापलंस, "चित्रकाराने डोंगर उलटा काढला, लहान शिखर डावीकडे हवं." येरेवान शहरातून ते डावीकडेच दिसतं, पंडितजी. पण आजीचं पळापळीत सुटलेलं गाव डोंगराच्या पलीकडे, बायाझेतजवळ. तिच्या अंगणातून ते उजवीकडे दिसायचं. तिने सांगितलं तसं बाबांनी रंगवलं.

मी म्हटलं, "बाबा, सांगा ना त्याला!"

"कशाला गं? म्युझियमं त्याला विचारून खिळे ठोकतात. तो चुकेल होय?"

आता ते सुरी घेऊन उजवं शिखर खरवडायला बसलेत. पत्र पोचेपर्यंत काही उरायचं नाही. म्हणून हे इथेच सोडते आणि फोन लावते. उचल रे.

तुझी ताई,
अरुसियाक