ठकी अजून बोलत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

झालं! आता फ्रिजवर तक्ता लागला. अमुक महिन्यात हुंकार, तमुक महिन्यात "बाबाबा", मग "मामामा", मग हात हलवून टाटा. प्रत्येकासमोर एक चौकोन, चौकोनात खूण करायची. चिरंजीवांनी ऑफिसातून रंगीत छापून आणलाय. नातीला अकरावा महिना लागला नाही तोच तिचा निकाल फ्रिजवर!

मी विचारलं, "तू कधी बोललास ते माहीत आहे का तुला?" म्हणाला, "आई, तेव्हाची गोष्ट वेगळी होती." वेगळी म्हणजे काय? तेव्हा मुलांना तोंडं नव्हती?

५ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी दोघं कामावरून येतात तेव्हा ठकी पेंगुळलेली असते. चपला काढायच्या आधी प्रश्न — "आई, आज काही बोलली का?" मी खरं तेच सांगते. नाही. एक अक्षर नाही. की लगेच दोघांचे चेहरे सुतकी! मग जेवणाची ताटं तशीच, आणि हे दोघे तिच्यासमोर फतकल मारून. एकीकडून "बाबा म्हण, बा-बा!" दुसरीकडून "मम्मा म्हण गं, म-म्मा!" पोरगी बिचारी टेनिसची मॅच बघावी तशी मान फिरवते. पोपट पाळायचा होता, चुकून मूल झालं.

"आमच्यासमोर नुसतं का-का करते," सूनबाई म्हणाली असावी. असावी म्हणते, कारण ती बोलते ते तिच्या पदराखालीच राहतं. "काय?" असं तीनदा विचारावं तेव्हा चौथ्यांदा ओरडते, आणि वर मलाच म्हणते की तुम्ही चिडता. आजकालच्या मुलींना तोंड उघडायला कष्ट पडतात. आईच अशी पुटपुटणारी, तर लेक कुठून बोलणार? पण तक्त्यात तो चौकोन नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

विहीणबाईंनी मोबाइलवर आवाज भरून पाठवलाय. ठकीला ऐकवायचा म्हणे, रोज, जेवणाआधी. मी कानाला लावून पाहिलं, नुसती खरखर. त्यात मध्येच कुठेतरी मांजर म्यावते आहे. सूनबाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी. "आईने बडबडगीत म्हटलंय हो." हे गीत! गाता येत नसेल माणसाला, तर निदान रेकॉर्ड तरी करू नये.

दुपारी टीव्ही लावला तर चिरंजीव येऊन आवाज कमी करून गेले. मी वाढवला. ते परत आले. घरात रविवारी एवढंच काम होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ठकीच्या औषधाचे आठ थेंब द्यायचे असं सूनबाई सकाळी सांगून गेली. मी बरोबर आठ दिले. तर रात्री म्हणते, "आई, मी सात म्हटलं होतं." आठ म्हटलं होतं. मी ऐकलंय! "सात हो, सात, सात!" — असं घर डोक्यावर घेतलं की पोरगी दचकून रडली.

मला आकडे शिकवतात. उभा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढला मी. कानाला ती जड पट्टी, समोर दिव्यांची रांग, आणि गावोगावची माणसं वाऱ्यातून, पावसातून ओरडतायत. गिऱ्हाइकाने आकडा सांगितला की आम्ही तो परत म्हणून दाखवायचो, त्याने "हो" म्हटलं की मगच लाइन जोडायची. माझ्या हातून कधी चुकीच्या घरी फोन गेला नाही. साहेब म्हणायचे, तुमचे कान सोन्याने मढवायला हवेत. आणि ही, जिला स्वतःचं नाव स्पष्ट उच्चारता येत नाही, ती मला सात की आठ सांगणार!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वरच्या मजल्यावरचं पोर "बाय-बाय" म्हणतं. त्याची आई जिन्यात गाठून गाठून सांगते. पोराला नाक पुसायला येत नाही, पण ते तक्त्यात नसावं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज खरं पोटातलं ओठावर आलं. पाळणाघर! दोघांचं आपसात कधीच ठरलंय, मला फक्त कळवायचं बाकी होतं. सूनबाई माझ्यासमोर बसली, अगदी तोंडासमोर, आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलली. मी काय परदेशी पाहुणी आहे?

"तिथे अजून चार मुलं असतात आई. बोलतात, खेळतात. तिला कोणी उत्तर देणारं हवं ना."

"मग मी काय भिंत आहे का?"

"तसं नाही म्हटलं मी. पण दिवसभर—" आणि पुढचं परत गिळलं.

चिरंजीव नखं बघत होते. नेहमीप्रमाणे. शेवटी म्हणाले, आधी ठकीचे कान तपासून घेऊ, मग बघू. कान तपासायचे! दाराशी कुत्रं भुंकलं तरी मान वळवते ती. मी तिला भरवते, न्हाऊ घालते, तिच्यासाठी ठोकळ्यांचे मनोरे रचते, ती पाडते, मी परत रचते. दिवस कसा जातो कळत नाही. ती नसेल तर या तीन खोल्यांत सकाळी नऊपासून मी काय करणार? भिंतीकडे बघू? हे मी त्यांना म्हणणार नाही. म्हटलं तर दया दाखवतील, आणि त्यांची दया मला नको.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

गेलो एकदाचे वरात काढून. आधी एका बंद खोलीत ठकीला सुनेच्या मांडीवर बसवलं. आतून आवाज सोडायचे, ही वळते की नाही बघायचं. वळली. दर वेळी वळली! कान अगदी ठणठणीत. मी चिरंजीवांकडे असं पाहिलं की त्यांनी पाणी प्यायचं निमित्त काढलं.

मग बोलणं शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई. वय असेल ठकीच्या दुप्पट! जमिनीवर बसल्या, पिशवीतून बाहुल्या काढल्या. ठकीने बाहुली उचलली, मान तिरकी केली, तळवा कानामागे धरला आणि जोरात म्हणाली — "काऽऽय?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "अगंबाई! हा तर चक्क शब्द आहे. प्रश्न विचारते ही. घरात असं कोण म्हणतं?"

चिरंजीव आणि सूनबाई दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

ते "का-का" म्हणजे हेच होतं म्हणे. पोरीचा पहिला शब्द "काय?" मला अभिमानच वाटला. बाबाही नाही, मम्माही नाही, माझा शब्द! तोवर डॉक्टरीणबाई काहीतरी कागद वाचत बसल्या, तोंडासमोर धरून. बराच वेळ. मग कागद खाली करून म्हणाल्या, "आजी, मी तुम्हाला तीन प्रश्न विचारले."

कागदाआडून कोणी बोलतं का? काही रीतभात? घरी शिकवलं नसेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पुढचं काल लिहिलं नाही. रागाने वही मिटून टाकली.

मलाच घातलं त्या बंद खोलीत. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला डोंगराच्या उतारासारखी एक रेघ दाखवली. बारीक आवाज माझ्या कानातून निसटून जातात म्हणे. "स" जातो, "त" जातो, बायकांची आणि लहान मुलांची बोलणी जातात. "वयाने होतं आजी, लाजायचं काय त्यात." मी कुठे लाजले? आणि मग चिरंजीवांना सांगतात, मला वगळून, मीच समोर बसलेली असताना — की बाळ आवाज करतं, समोरून उत्तर आलं नाही की थोड्या दिवसांनी करायचं थांबवतं. म्हणून मागे पडलीय. बाकी काही नाही.

सूनबाई गाडीत एक शब्द बोलली नाही. किंवा बोलली असेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ऐकायचं यंत्र आलं. वापरून बघा म्हणून दिलंय. शेंगदाण्याएवढं, आणि रंग असा की कोणी कानात मेण साठवलंय वाटावं. डबीत ठेवलंय. डबी कपाटात ठेवली आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दोघं गोड बोलायला लागलीत. "आई, पाळणाघर नको, ठकी तुमच्याकडेच राहू दे. फक्त ते लावा हो." लहान मुलाला गोळी गुळात घालून देतात तसं. तक्ता काढून टाकलाय. फ्रिजवर चिकटपट्टीचे डाग राहिलेत, ते कोण पुसणार? मीच.

मी ठकीशी मोठ्याने बोलून पाहिलं. "काऊ. चिऊ." तिने ओठ हलवले, हसली. मी तिच्या तोंडाजवळ कान नेला तर ओला मुका मिळाला. काय म्हणाली, देव जाणे.

पाळणाघर टळलं ना, बस! लावीन म्हटलंय. उद्या लावीन. त्यांच्यासाठी नाही, हेही सांगितलं.

४ मार्च, मंगळवार

दुपारी ठकीला आतल्या खोलीत निजवलं, दार लोटलं, स्वयंपाकघरात आले आणि ते मशीन कानात घातलं. नळ केवढा ओरडतो! भांडी घासताना कुणाचं तरी मूल रडायला लागलं. शेजारचं असणार. थांबेचना. कसली ही आई, असं म्हणत जाब विचारायला बाहेरचं दार उघडलं. जिन्यात सगळं शांत. रडणं माझ्या पाठीमागून येत होतं.

आतलं दार ढकललं तर ठकी तिच्या खाटेच्या कठड्याला धरून उभी होती. तोंड लाल, आवाज बसलेला. मी तिला रोज तासाभराने उठवायला जाते. रोज अशीच दिसते, गाल ओले. मी घाम समजून पुसते. सुनेला सांगते, माझ्याकडे रडत नाही हो, उठली तरी गप्प बसून असते.

तिला छातीशी धरलं आणि सुनेच्या कामावर फोन केला. म्हटलं, पाळणाघराचं आजच नक्की कर. "आई, काय झालं? ठकी बरी आहे ना?" तिचा शब्द न् शब्द ऐकू आला.